ख्रिस्ती माणसं संसारात ‘कृपा’ म्हणतात, म्हणजे मुकाट सहन करणंच ना?

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत सांगतो. लग्नाला आठ महिने झालेत. तुम्ही हिंदू, बायको ख्रिस्ती, घर गुरुवार पेठेत. खटका उडाला की सासूबाई लेकीला फोनवर सांगतात, ‘कृपेनं वाग गं.’ तुम्हाला वाटतं, हे ‘तूच नमतं घे’चंच चर्चमधलं नाव आहे. आणि मान खाली घालून राहणारी बायको तुम्हाला नको आहे.

आधी शाबासकी घ्या. तुमचा संशय अगदीच खोटा नाही. आमच्या लोकांनी हा शब्द तसा भरपूर वापरलाय, त्यावर पुढे येतोच. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू वगैरे नाही. मूळचा नगरकडचा, जन्मानं ख्रिस्ती, पुण्यात नोकरी, लग्नाला सव्वीस वर्षं. एवढ्या भांडवलावर उत्तर देतोय.

मराठीत कृपा नेहमी वरून खाली येते. देवाची भक्तावर, साहेबाची कारकुनावर. पुण्यात तर पाटीवर ‘कृपया’ दिसलं की पुढे हवा सोडण्याची धमकी असणार, हे ठरलेलं. त्यामुळे ‘नवरा बायकोवर कृपा करतो’ म्हटलं की कसंतरीच होतं. बायबलातली कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं दान. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ म्हटलंय की तारण (पापातून सुटका) कृपेनं झालं, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारायला नको. त्याच पत्रात चौथ्या अध्यायाच्या शेवटी एकमेकांना क्षमा करायला सांगितलंय, आणि तिथलं मूळ ग्रीक क्रियापद कृपा या अर्थाच्या ‘खारिस’ शब्दावरूनच आलंय. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर नवरा-बायकोला कृपादानाचे ‘समाईक वतनदार’ म्हटलंय. गावाकडे समाईक विहीर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाण्याच्या पाळ्या असतात, त्यावरून भांडणंही होतात, पण ‘मी याला पाणी दिलं’ असं कुणी म्हणत नाही.

आता सहन करण्याचा मुद्दा. बायबलातल्या मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? त्यावर येशू एक गोष्ट सांगतो. राजाचा एक चाकर दहा हजार तालांत देणं लागतो आणि राजा ते सगळं सोडून देतो. हा बाहेर पडतो, तर शंभर दिनार देणं असलेला सोबती भेटतो. लगेच त्याचा गळा धरतो. लहानपणी संडेस्कूलमध्ये मला वाटायचं, शंभर दिनार म्हणजे चिल्लर. तसं नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत साधारण सहा हजार दिनारांचा, म्हणजे राजाचं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, सात जन्मांत न फिटणारं. पण शंभर दिवसांची मजुरी हीसुद्धा खरीखुरी रक्कम आहे. ती बुडाली तर घर हलतं. ‘जाऊ दे, किरकोळ आहे’ असं ती गोष्ट कुठेच म्हणत नाही.

आमच्या घरात ती रक्कम मी बुडवली. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे एका ओळखीच्याच्या धंद्यात घातले, बायकोला न सांगता. दीड वर्षानं फी भरायची वेळ आली. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. पासबुक शेजारी पेपरावर उघडं. म्हणाली, “यातले गेले कुठे?” मी म्हटलं, “थोडे अडकलेत.” “थोडे म्हणजे किती?” मी घोळवत राहिलो, ती मेथीची पानं खुडत राहिली. शेवटी आकडा सांगितला. तिनं तो मोठ्यानं परत म्हटला, एकदाच, दुकानदार बिल वाचतो तसा. मग काड्या गोळा केल्या आणि उठली.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. ओळ पुढे सरकली, मी गेलो, घेतलं, परत आलो. ती बाकावरच बसून राहिली. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, “माझ्या मनात तुमच्याबद्दल राग होता म्हणून मी घेतलं नाही. तुम्ही कसं काय घेतलंत?” येरवड्याचा पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री ती बोलली. खातं दोघांच्या नावावर करायचं, तिच्या सहीशिवाय पैसे हलणार नाहीत, आणि मुलीला खरं काय ते मी स्वतः सांगायचं. “हे सगळं करा. आणि तो आकडा मी विसरणार नाही, पण तोंडातून परत काढणार नाही.” विसरेन असं ती म्हणाली नाही, हे लक्षात घ्या. भाचीच्या लग्नात सोन्याचा विषय निघाला तेव्हा तो तिच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. ती उठून पाणी प्यायली.

तुम्ही गुरुवार पेठेत राहता म्हणून एक आठवण. तुमच्या शेजारच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या ठिकाणी, १८९० साली पुण्यातल्या नामांकित मंडळींपुढे चहा ठेवला गेला. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावं छापून आली, ख्रिस्त्यांच्या हातचा चहा म्हणून गावभर गहजब झाला. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तर सुधारकांनी त्यांनाच नावं ठेवली. आज आपण हसतो, पण संसारात आपण सगळे प्रायश्चित्तवालेच, ख्रिस्ती धरून. तीन दिवस अबोला, चौथ्या दिवशी माहेरचा उद्धार, पाचव्या दिवशी गजरा. दंड भरला की मोकळे, आणि पुढच्या भांडणात जुनी पावती पुन्हा बाहेर. माझ्या बायकोनं दंड घेतला नाही, फक्त तिजोरीची दुसरी किल्ली घेतली. या दोन्हींतला फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता तुमच्या संशयाचा खरा भाग. ‘कृपेनं वाग’ हे आमच्यात जास्त करून बायकांनाच ऐकवलं जातं. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा किंवा टाकून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत हे चाललं. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कृपेचा अर्धा भार कायद्यानंच तिच्या डोक्यावर ठेवला होता. मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर कृपेची भाषा बंद करून १८१ वर फोन लावायचा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ख्रिस्ती घरालाही लागू आहे. मारणाऱ्याला मनातून क्षमा करणं हा पुढचा, तिचा तिनं ठरवायचा प्रश्न. त्याच्याच घरात राहणं ही क्षमेची अट नाही.

तेव्हा सासूबाईंचा फोन आला की एकदा तुम्ही घ्या आणि विचारा, “मी कसं वागू?” त्या गोंधळल्या तर हरकत नाही. रोजच्या खटक्यांना एवढी विद्वत्ता लागतही नाही. ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, याचा तपास न करता तो वाळत घातला तरी पुष्कळ.

हे लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. तिनं दोन दुरुस्त्या सांगितल्या. भाजी मेथी नव्हती, अंबाडी होती. ती मी तशीच ठेवली, कारण मला मेथीच आठवते. दुसरी, मी वर आकडा लिहिला होता, तो तिनं खोडायला लावला.