आधी मोज, मग सही कर

चि. कॅप्टनसाहेब,

रविवारी तू उठून गेलास आणि व्हरांड्यात तुझा चहा तसाच राहिला, साय धरून. आमच्या हिने तो मोरीत ओतताना विचारलं, "पोराला काय झालंय?" मी म्हटलं, "एसीआर." तिला तेवढं पुरतं. तिने बत्तीस वर्षं फौजीशी संसार केलाय.

पण दुखणं एसीआरचं, त्या वार्षिक गोपनीय अहवालाचं, नव्हतं. तू दीड तास आकड्यांवर बोललास. नऊपैकी नऊ हवे होते, आठ मिळाले. कोर्समेटला नऊ मिळाले. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे मुदतीच्या नोकरीची, १० वर्षं भरत आली की कायम नोकरीच्या, पर्मनंट कमिशनच्या बोर्डापुढे हा आठचा आकडा आडवा येणार, मग आत्ताच एमबीएची तयारी करावी का. आणि सगळं बोलून झाल्यावर, बूट चढवता चढवता, खाली मान घालून खरी गोष्ट काढलीस. युनिटचा साठा मोजणाऱ्या वार्षिक स्टॉक-टेकिंग बोर्डाचा प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे प्रमुख, तू. लेजरवर ताडपत्र्या ६४. स्टोअरमध्ये किती, ते कुणी पाहिलेलं नाही. कागद मात्र 'सर्व बरोबर' असा टाइप होऊन टेबलावर आलाय. "सर, सगळेच करतात. मी एकट्याने नाही केली सही तर असं काय होणार आहे?"

मी गप्प बसलो, कारण राग आला होता. तुझा नाही. पस्तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता, आणि तेव्हा मला जे उत्तर सोयीचं होतं तेच मी दिलं होतं.

तर ऐक. मोजल्याशिवाय सही नाही. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

१९९० चा ऑक्टोबर. मीही तुझ्यासारखाच कॅप्टन, आणि तुझे आबा माझ्या कंपनीतले सुभेदार. वरच्या पोस्टचा हिवाळी साठा चढवायचा होता, एकदा बर्फ पडलं की वाट बंद. रॉकेलचे ६० जेरीकॅन रांगेत मांडलेले. भरलेला जेरीकॅन काठीने ठोकला की ढेकळावर मारल्यासारखा बद्द वाजतो आणि रिकामा ठणकतो. आबांनी तिसऱ्या रांगेतले चार ठोकले, जरा थांबून पुन्हा ठोकले आणि म्हणाले, "साहेब, पोकळ वाजत्यात."

अंधार पडत होता. खेचरवाले निघायची घाई करत होते. वायरलेसवर दोनदा विचारणा झाली होती. आणि खरं सांगायचं तर मला थंडी वाजत होती. मी जोंगा जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला, आबांनी टॉर्च धरला, आणि मी '६० जेरीकॅन, पूर्ण भरलेले' याखाली सही केली. टॉर्च त्यांनी धरला होता, हे मी विसरू शकत नाही. ते एक शब्द बोलले नाहीत.

फेब्रुवारीत पोस्ट तुटली. सलग अकरा दिवस हेलिकॉप्टर उडालं नाही. बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, दिवसातून दोनच तास पेटवायची, असा हुकूम झाला. माण तालुक्यातल्या एका पोराच्या पायाची दोन बोटं काळी पडली, आणि पुढे कापावी लागली. त्याची चौकशी झाली का? नाही. कागद बरोबर होता ना!

तुझ्या आबांनी पुढच्या आयुष्यात एकदाही मला हे बोलून दाखवलं नाही. २०११ च्या थंडीत तुमच्या शेतात हुरडा खायला बसलो होतो, तेव्हा मीच विषय काढला. ते म्हणाले, "साहेब, कणीस गार व्हतंय, खावा." तू तेव्हा तिथेच गोवऱ्यांच्या आगटीशी खेळत होतास. बारा वर्षांचा असशील.

'सगळेच करतात' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. सगळेच करतात म्हणूनच तर ती पोस्ट गारठली. कुणी एकाने पाप केलं नव्हतं. रॉकेल भरणाऱ्याने थोडं कमी भरलं, आणणाऱ्याने थोडं काढलं, आणि मी न मोजता सही केली. यातलं शेवटचं कामच फक्त अडवायचं होतं, आणि ते माझं होतं.

तू म्हणशील, ताडपत्रीने कुणाची बोटं जात नाहीत. बरोबर. पण हात एकदा सैल झाला की तो कशावर थांबेल, हे हाताला कळत नाही. २००३ मध्ये आसामात एका अधिकाऱ्याने जिवंत माणसांना टोमॅटो केचप फासून मेलेले अतिरेकी म्हणून त्यांचे फोटो काढले, शौर्याचा दाखला मिळावा म्हणून. ऐकून हसू येतं. काश्मीरातल्या माछिलचं ऐकून येत नाही. २०१० मध्ये तिथे तीन गरीब तरुणांना कामाचं आमिष दाखवून ताबारेषेजवळ नेलं, मारलं आणि घुसखोर म्हणून दाखवलं. कोर्ट मार्शलने जन्मठेप सुनावली, २०१७ मध्ये लष्करी लवादाने ती स्थगित केली. कायद्याचं कायदा बघेल. मला दिसतो तो चकमकीचा अहवाल. तोही एक कागदच होता, आणि त्याच्याखालीही सह्या होत्या.

आता माझं. मी मार्ग दाखवतो म्हणजे मी सरळच चाललो, असं समजू नकोस. १९९८ मध्ये एका पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, जवानांच्या १६ क्वार्टर्सची छपरं दुरुस्त झाल्याच्या दाखल्यावर मी सही नाकारली. शिडी लावून वर चढलो होतो. नवे पत्रे पाचांवरच होते. त्या वर्षी मला सात मिळाले आणि पुढच्या बढतीच्या बोर्डात मी मागे राहिलो. डिसेंबर २००४ मध्ये बढत्यांबाबतच्या ए. व्ही. सिंग समितीच्या शिफारशी लागू झाल्या, १३ वर्षं सेवा झालेले सगळे मेजर एका फटक्यात लेफ्टनंट कर्नल झाले, त्यात मीही झालो. खांद्यावरच्या ज्या एका ताऱ्यासाठी सहा वर्षं तोंड कडू करून बसलो होतो, तो रांगेत उभं राहून मिळाला. कर्नल झालो नाहीच.

वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की छपरांनी माझी कमांड खाल्ली. हिचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "सही नाकारलीत ते ठीक, पण मेसमध्ये चारचौघांत साहेबांना 'चोर' म्हणायची काय गरज होती? तुम्हाला ते साहेब पहिल्यापासून आवडत नव्हते." असेलही. पण ती शिडीवर चढली नव्हती. अकरा छपरं गळत होती आणि खाली बायकापोरं राहत होती. मी बरोबर होतो. बोललो ते चुकीचं, पण केलं ते बरोबर. आजही तेच करीन. बहुतेक बोलीनही तेच.

तू मात्र बोलू नकोस. भाषण नको, नीतिशास्त्र नको, सोशल मीडियावर तर एक अक्षर नको. सीओ साहेबांसमोर, म्हणजे तुझ्या कमांडिंग ऑफिसरसमोर, फक्त एवढं म्हण, "सर, उद्या सकाळी मोजतो आणि सही करतो." याला नाही कसं म्हणतील? मोजून कमी भरल्या तर शेऱ्यात आकडा लिही आणि सही कर. लॉस स्टेटमेंट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने नोंद खारीज, हा सगळा रस्ता नियमांतच आहे. वस्तू हरवणं हा काही जगबुडीचा गुन्हा नाही. तुझे सीओ चोर आहेत, असंही मला वाटत नाही. त्यांच्या कमांडची दोन-अडीच वर्षं आहेत, त्यात इन्क्वायरी बसू नये, एवढीच त्यांची भीती. त्यांनाही एसीआर आहे रे. तू ज्याला घाबरतोस, त्यालाच तेही घाबरतात. कीव कर हवी तर, पण सही देऊ नकोस.

'हुकूम आहे' म्हणाले तर आर्मी ॲक्ट, १९५० काढून बस. कलम ४१ मध्ये आज्ञाभंगाची शिक्षा आहे, पण तिथे शब्द 'कायदेशीर हुकूम' असा आहे. खोटा दाखला दे, हा कायदेशीर हुकूम होत नाही. कलम ५७ खाली खोट्या दस्तऐवजाला १४ वर्षांपर्यंत कैद आहे. लबाडीने रकाना कोरा ठेवून स्टोअरच्या कागदावर सही करण्याला कलम ५८ आहे, सात वर्षांपर्यंत. आणि आठाच्या आकड्याबद्दल खरंच अन्याय वाटत असेल, तर कलम २७ खाली रीतसर तक्रार कर. पण आधी स्वतःला विचार, तो अन्याय आहे की नुसता अपमान. माझा बराचसा अपमानच होता.

रविवारी तू जनरल थोरातांचं नाव काढलंस, स्वतःची समजूत घालायला. आपल्या कोल्हापूरकडचा माणूस म्हणून सगळेच काढतात. १९५९ मध्ये ईस्टर्न कमांडला असताना त्यांनी चीन कुठून येईल आणि किती फौज लागेल याचा हिशेब मांडून वर पाठवला. १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाच्या सरावात तोच मांडून दाखवला. दिल्लीने मनावर घेतलं नाही, १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, सरसेनापतीपद दुसऱ्याला गेलं. तुला यातलं हुकलेलं पद दिसतं. मला त्यांनी मोजलेल्या बटालियन दिसतात. मोजून लिहिलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी चीन आला तेव्हा त्यांना 'मी सांगितलं होतं' असं म्हणावं लागलं नाही. कागदच म्हणाला.

एमबीए कर किंवा करू नकोस, मला त्यातलं कळत नाही.

उद्या सकाळी सहाला स्टोअर उघडायला सांग, बोर्डाचे दोन्ही जेसीओ, म्हणजे सुभेदार मंडळी, बरोबर घे. थप्पी बाहेरून मोजू नकोस. प्रत्येक घडी मैदानात उलगडायला लाव. बहुतेक थप्पीत वरच्या दोन नव्या असतात आणि आत फाटके तुकडे घडी करून ठेवलेले असतात. रिंगा मोज. टॉर्च स्वतःचा ने, आणि तो स्वतःच्या हातात धर.

तुझा,
आबांचा साहेब