तंटामुक्त समितीत नव्याने आलात? एवढं सांभाळा

स्वागत! पहिल्याच बैठकीत भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवू नका. आधी वेगवेगळे भेटा. ज्याचं नुकसान झालं त्याला नीट विचारा: भरपाई हवी, माफी हवी, की कुणीतरी ऐकून घ्यायला हवं?

- बैठक कुणाच्या ओसरीवर नको, शाळेत घ्या.
- चारचौघांत जबरदस्तीने माफी मागायला लावू नका. त्यातून डूख धरला जातो.
- बांधाचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेख खात्याची मोजणी, मग बोलणी.
- समझोत्यात रक्कम, तारीख, कोण काय करणार हे लिहा. नुसतं ‘गुण्यागोविंदाने राहू’ लिहिलंत तर पेरणीला भांडण पुन्हा उभं!

बलात्कार, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), अ‍ॅट्रॉसिटी यांत तडजोडीला हातच घालू नका, थेट पोलीस ठाणं गाठा. कोर्टात गेलेलं तडजोडपात्र (कायद्याने आपसांत मिटवता येणारं) प्रकरण लोकअदालतीत न्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथल्या निवाड्यावर अपील नाही.