साडेनऊचं ऊन आणि डब्यांची रांग

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या टेलरिंगच्या दुकानात काढलेले फोटो नीट फोकसमध्ये आहेत, रूल ऑफ थर्ड्सही (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून विषय मधोमध न ठेवता त्या रेषांवर ठेवायचा नियम) पाळलाय, तरी बघणारा ‘छान’ म्हणून पुढे सरकतो. मग रचना आणि उजेड यांतून फोटो गोष्ट सांगतो म्हणजे नेमकं काय करतो? मी हौसेनं गेली बारा-तेरा वर्षं फोटो काढतोय आणि याच प्रश्नापाशी बरेच दिवस अडकलो होतो. तो सुटला एका पिठाच्या गिरणीत, म्हणून तिथलंच सांगतो.

वाईजवळच्या आमच्या गावात एक जुनी गिरणी आहे. पहिल्या दिवशी मी दारात उभं राहून, फ्लॅश लावून गिरणीवाल्या काकांचे चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर प्रत्येक फोटोत एक माणूस कॅमेऱ्याकडे बघत उभा, मागे भिंत, आणि चौकटभर पांढरे गोल ठिपके. हवेत उडणाऱ्या पिठाचे लेन्सजवळचे कण फ्लॅशनं उजळले होते. भुवयांवरचं पीठसुद्धा मोजता येईल इतकं सगळं स्पष्ट होतं. दुसऱ्या दिवशी काकांना दाखवले. ते म्हणाले, “आलोय की चांगला. पण गिरणी कुठंय यात?”

इतकी नेमकी टीका मला आजवर कुणी केलेली नाही.

त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि तासभर पोत्यावर बसून राहिलो. तेव्हा डबे दिसले. म्हणजे आदल्या दिवशीही ते तिथेच होते, मी त्यांना पाय लागू नये म्हणून ओलांडून जात होतो. लोक डबा ठेवून जातात, थांबत नाहीत. कुणाच्या डब्याच्या कडीला लाल चिंधी, कुणाच्या झाकणावर ऑइलपेंटनं आडनाव, एक प्लॅस्टिकची बादली वर फडकं बांधून ठेवलेली. कुणाचे गहू बारीक हवेत, कुणाची ज्वारी, हे काकांना न विचारता ठाऊक. गव्हात बाजरी मिसळू नये म्हणून आधी सगळे गहू काढायचे, मग बाकीचं. माणसं नसतानाही रांग आहे आणि ती रांग एक माणूस तोंडपाठ सांभाळतोय, ही गोष्ट मला समोर दिसायला लागली.

मला वाटतं, रचनेचं मुख्य काम इथेच असतं. फोटोत किमान दोन टोकं लागतात आणि त्यांच्यात काहीतरी चाललेलं असावं लागतं. एकटा माणूस चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवला काय आणि मधोमध ठेवला काय, तो एकटाच राहतो. मी गुडघ्यावर बसलो, कॅमेरा डब्यांच्या झाकणांच्या उंचीवर आणला. आता डबे पुढे आणि मोठे, काका मागे आणि लहान, वरच्या पेटीत धान्य ओतताना.

उजेडासाठी मात्र चार दिवस गेले. पूर्वेच्या भिंतीत वर एक झरोका आहे. साडेनऊच्या सुमारास त्यातून तिरपं ऊन आत येतं आणि वीसेक मिनिटांत यंत्रावरून सरकून जातं. हवेत पीठ असल्यामुळे उन्हाचा तो पट्टा अक्षरशः दिसतो, पण सगळीकडून नाही. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं तेव्हा पीठ दिसेचना. मी बाजू बदलली, ऊन समोरून तिरपं माझ्याकडे येऊ दिलं आणि पट्ट्यामागे काळवंडलेली भिंत घेतली, तेव्हा हवेतला कण न् कण उजळला. काकांना ट्यूब बंद करायला सांगितली. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर इथे फसतं. त्याला बहुतेक अंधार दिसतो, म्हणून ते सगळंच उजळवू पाहतं; भिंत राखाडी होते आणि ऊन पांढरंफटक. मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, जवळजवळ सव्वा स्टॉप खाली आणलं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). ऊन काकांच्या हातांवर आणि पडणाऱ्या धान्यावर राहिलं, चेहरा अर्धा अंधारात गेला. चेहरा घालवायला मन तयार होत नव्हतं. पण ते काम हातांचं होतं आणि उजेडानं ते बरोबर निवडलं होतं.

पुढची वस्तू माणसापेक्षा मोठी ठेवायची कल्पना माझी नाही. अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली काढलेला गांधीजींचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. त्यात गांधीजी सूत कातत नाहीयेत, कात्रणं वाचतायत. चरखा आहे तो पुढे, त्यांच्यापेक्षा मोठा आणि थोडा अंधारात. बघणारा चरख्यावरून माणसाकडे जातो आणि मधलं सगळं आपल्या मनानं भरतो. हातात चरखा दिला असता तर ती एक कृती झाली असती. पुढे ठेवल्यामुळे त्याचं अख्खं आयुष्य झालं. त्या फोटोआधी बर्क-व्हाइट यांना सूतकताई शिकावी लागली होती. खोली अंधारी होती आणि खिडकीचा उजेड लेन्सवर येत होता. फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी मिळाली होती, त्यातले दोन वाया गेले आणि तिसऱ्याला हा फोटो आला. हाताशी तीनच संधी असल्या की माणूस आधी बघतो, मग बटण दाबतो.

एक सांगायला हवं. गिरणीच्या पट्ट्यासारखा नाट्यमय उजेड सगळीकडे शोधू नका. मीही काही वर्षं सोनेरी उन्हाच्या मागे धावलो. माउलींची पालखी सासवडकडे जाताना दिवे घाट चढते तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं, सावल्याच पडत नाहीत. आधी मी ऊन नाही म्हणून कुढत बसायचो. नंतर कळलं, त्या सारख्या उजेडात कुठलाच चेहरा दुसऱ्यापेक्षा ठळक होत नाही, आणि जिथे प्रत्येकजण दुसऱ्याला माउली म्हणतो तिथे याहून योग्य उजेड कुठला असणार?

आता तुमच्या वडिलांकडे. तुमच्या वर्णनावरून ते मशीनवर बसलेत, तुम्ही समोर उभं राहून काढलंय आणि वर ट्यूब चालू आहे. एक अख्खा दिवस कॅमेरा न घेता दुकानात बसा आणि ऊन किती वाजता कुठे येतं ते लिहून ठेवा. दुकानाचं शटर अर्धं वर असताना खालून जो उजेड फरशीवर येतो तो जरूर बघा. मशीनचा छोटा दिवा तेव्हा पिवळा आणि एकटा दिसेल. मग दुसरं टोक शोधा. शिवून तयार असून कुणी न्यायला न आलेले कपडे हँगरला असतील, त्यांना टाचलेल्या चिठ्ठ्या असतील. त्या कपड्यांच्या मधून वडिलांकडे बघा, बाह्या जवळ आणि धूसर, ते मागे, मान खाली. त्यांनी तुमच्याकडे बघायची गरज नाही. ते काजं करत असतील तर करू द्या, आणि सुईत दोरा ओवायला त्यांनी हात उजेडाकडे नेला की दाबा.