ज्यू इतिहासाचा अभ्यास कुठून सुरू करावा?

इतिहासात एम. ए. करून ज्यू अभ्यासाकडे वळायचं तर आधी बायबल वाचावं की हिटलरचा काळ, आणि हिब्रू यायलाच हवी का, असं तुम्ही विचारलंय. मी तर म्हणेन, कैरोच्या गेनिझापासून सुरू करा.

देवाचं नाव असलेला कागद ज्यू फेकत नाहीत. आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो, ते पुरतात. तोवर कागद ज्या कोठडीत साठतात ती गेनिझा. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमधली (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातली) कोठडी शतकानुशतकं साठतच गेली. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी तिथले लाखाहून अधिक तुकडे केंब्रिजला नेले. धर्मग्रंथ होतेच, पण हिशेब, घटस्फोटाचे दस्त, व्यापाऱ्यांची रडगाणीही निघाली. इतिहासकार गॉयटाइन यांनी पुढे त्यातून अकराव्या-बाराव्या शतकातलं रोजचं जगणं उभं केलं.

अब्राहम बेन यीजूचंच बघा. ट्युनिशियाचा हा व्यापारी मंगळूरला राहून मिरी पाठवायचा, पितळेची भांडी बनवून घ्यायचा. आशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा त्याचा ११३२ चा दस्त आजही आहे. एडनचे व्यापारी त्याला मालाबरात न मिळणारा कागद पाठवायचे, तरी पठ्ठ्या आलेल्या पत्रांच्या पाठीवर याद्या करायचा! ही पत्रं बहुतेक अरबीत, पण हिब्रू अक्षरांत. म्हणून लिपी आजच शिकायला घ्या. भाषा कुठली ते विषय ठरवेल.

ज्यू अभ्यास या विद्याशाखेची सुरुवात १८१९ च्या बर्लिनमधली, लिओपोल्ड झुन्झ आणि त्यांच्या मित्रांची. तिथल्या विद्यापीठाने १८४८ मध्ये झुन्झ यांना या विषयाचं अध्यासन नाकारलं. इतिहासकार सॅलो बॅरन यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९३० मध्ये मिळालं. ज्यू इतिहास म्हणजे नुसती छळाची कहाणी नव्हे, हे त्यांनी १९२८ मध्येच मांडलं होतं. पुढे नाझींनी त्यांचे आईवडील मारले आणि १९६१ मध्ये नाझी अधिकारी आइकमानवरच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली. हिटलरचा काळ मी नंतर वाचायला सांगतो तो यासाठी: आधी काय होतं ते कळल्याशिवाय काय गेलं ते कळत नाही.

आणि मराठीला कमी लेखू नका. कोकणातल्या बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, मराठी कीर्तनं, छापील प्रार्थनापुस्तकं आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीची परंपरा मुळातून वाचू शकणारे अभ्यासक बाहेर फार थोडे आहेत. गेनिझाचे कागद केंब्रिजच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट दिसतात. प्रबंधासाठी मात्र आधी अलिबाग गाठा.