अक्षर बारीक केलं, तरी फाइल तेवढीच का?

प्रश्न : प्रकल्प अहवालाची वर्ड फाइल १४ एमबीची झाली आहे आणि अर्ज भरायच्या संकेतस्थळावर मर्यादा २ एमबीची आहे. फॉन्ट १२ वरून ९ केला, पानंही कमी झाली, पण फाइल जवळजवळ तेवढीच राहिली. असं का?

उत्तर : अक्षराच्या आकाराचा फाइलच्या वजनाशी संबंध नाही. १२ पॉइंटचं अक्षर वर्ड आतमध्ये २४ असं लिहून ठेवतो, कारण तो अर्ध्या पॉइंटात मोजतो. तुम्ही ९ केलंत तेव्हा २४ चे १८ झाले, एवढंच. मजकूर पुन्हा १२ वर आणा. ९ पॉइंटातली जोडाक्षरं वाचणाऱ्याचे डोळे शिणवतात.

वजन कशाचं आहे ते बघता येतं. फाइलची प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटचं 'डॉक्सएक्स' खोडून 'झिप' लिहा आणि उघडा. 'वर्ड' फोल्डरात 'मीडिया' सापडेल. बहुतेक वेळा सगळा भार तिथल्या फोटोंचा असतो. मोबाइलचा ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो पानावर कोपरा ओढून चार इंच केला, तरी आत तो पूर्ण आकारातच राहतो. चार इंचांना १५० पीपीआयने (दर इंचाला १५० पिक्सेल) ६०० × ४५० पिक्सेल पुरतात.

म्हणून एका फोटोवर क्लिक करून 'पिक्चर फॉरमॅट'मध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'ची खूण काढा, नाहीतर बाकीचे फोटो तसेच राहतील. 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'ला खूण करा, १५० पीपीआय निवडा, फाइल सेव्ह करा. तरीही फरक पडला नाही, तर 'फाइल – ऑप्शन्स – ॲडव्हान्स्ड'मध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'ला खूण आहे का पाहा.

'मीडिया'शेजारी 'फॉन्ट्स' फोल्डर दिसलं, तर फाइलमध्ये फॉन्ट भरलेले आहेत. 'ऑप्शन्स – सेव्ह'मधली 'एम्बेड फॉन्ट्स'ची खूण काढा आणि पाठवायला पीडीएफ करा; पीडीएफमध्ये लागतील तेवढीच अक्षरं जातात. छापून, स्कॅन करून पीडीएफ मात्र करू नका. प्रत्येक पान चित्र बनतं आणि फाइल उलट फुगते.

प्रश्न : सगळा मजकूर निवडून आकार १४ केला. इंग्रजी शब्द मोठे झाले, मराठी होते तसेच राहिले.

उत्तर : वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा साठवतो. मजकूर निवडून कंट्रोल + डी दाबा. 'लॅटिन टेक्स्ट'खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा दुसरा भाग असतो, तिथेही १४ भरा. तो भाग दिसत नसेल, तर 'ऑप्शन्स – लँग्वेज'मध्ये मराठी जोडून वर्ड बंद करून पुन्हा उघडा. लिब्रेऑफिसमध्येही अशी वेगळी सोय आहे. मोठ्या दस्तऐवजात हा बदल थेट 'नॉर्मल' स्टाइलमध्येच करावा. परिच्छेदागणिक आकार बदलत बसलात की पुढे एखादा हमखास सुटतो.

आकडा एकच ठेवूनही एका फॉन्टातलं अक्षर दुसऱ्यापेक्षा लहान दिसू शकतं. पॉइंट (एका इंचाचा ७२वा भाग) मोजतो ती अक्षराभोवतीची चौकट. तिच्यात अक्षर किती मोठं काढायचं हे फॉन्ट करणारा ठरवतो. देवनागरी आणि इंग्रजी शेजारी ठेवून, छापून बघूनच आकडे ठरवा.

प्रश्न : वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात.

उत्तर : ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली'वर असेल. ते 'ॲट लीस्ट' किंवा 'मल्टिपल' करा.