भिंतीवरचे तक्ते उतरवावेत का?

प्रश्न : आमच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेला लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही मिळाला आहे. आता तक्ते, नकाशे, मणीमाळा यांची गरज उरली नाही, असे सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. पण मुले टीव्हीसमोर अधिक रमतात, हेही खरे. काय करावे?
– एक शिक्षिका, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तक्ते सरसकट उतरवू नका, आणि केवळ जुने म्हणून जपूही नका. तक्त्यावरच्या किंवा पडद्यावरच्या चित्रावरून मुलाला काय करता यायला हवे, हे आधी ठरवावे. आपल्याकडची गुलाबी बोंडअळीच घ्या. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात कशी शिरते, हे चलचित्रातच नीट दिसेल, कारण शेतात ते सहसा नजरेस पडत नाही. पण पडद्यावर पुढची अवस्था आली की मागची नाहीशी होते, आणि ‘कोष आधी की पतंग?’ असे विचारताच मुले गोंधळतात. तक्त्यावर अंडी, अळी, कोष आणि पतंग शेजारी-शेजारी राहतात, आणि मधल्या सुटीत एखादे मूल एकटेच बोट ठेवून तो क्रम पुन्हा लावू शकते. म्हणून आधी चलचित्र दाखवावे, ते मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत आणि मग तक्त्याकडे यावे. पऱ्हाटीचे किडके बोंड आणून वर्गात फोडता आले, तर फारच उत्तम.

मुले रमतात याचा आनंद आहेच. परंतु टीव्ही बंद केल्यावर त्यांना स्वतःच्या शब्दांत काय सांगता येते, ते पाहिल्याशिवाय त्या रमण्याची किंमत ठरवू नये.

मणीमाळ तर मुळीच हलवू नका. ३७ मणी मोजताना तीन दशक आणि सात सुटे मुलाच्या बोटांना कळतात, आणि त्यासाठी वीज लागत नाही.

नकाशांबाबत मात्र मी तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने आहे. छत्तीसगड २००० साली आणि तेलंगणा २०१४ साली वेगळे राज्य झाले. जुन्या नकाशात गडचिरोलीच्या पूर्वेला मध्य प्रदेश आणि तुमच्या तालुक्याच्या दक्षिणेला आंध्र प्रदेश असेल, तर तो भिंतीवर नको. सीमेजवळ राहणाऱ्या मुलांना शेजारच्या राज्याचे नाव चुकीचे शिकवले जाते. उतरवण्यापूर्वी टीव्हीवर आजचा नकाशा उघडावा आणि चौथीच्या मुलांकडून जुन्या नकाशावर पेन्सिलीने नव्या सीमा काढून घ्याव्यात.