मैदानावरचा इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड लोखंडी खांबांवर कसा बसवावा?

पुण्यातल्या मैदानासाठी 3 बाय 2 मीटरचा बोर्ड दोन आय-बीमवर, म्हणजे इंग्रजी I आकाराच्या लोखंडी खांबांवर, बसवायचा आहे, असं तुम्ही विचारलंय. बोर्डाच्या वजनाची फार चिंता नको, खरा शत्रू वारा. आयएस 875 भाग 3 या वाऱ्याच्या भाराबद्दलच्या भारतीय मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर. दाब म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला साधारण 900 न्यूटन. 6 चौरस मीटरवर झाला साडेपाच क्विंटलचा रेटा! उंची, आकाराचे गुणक धरले की आकडा आणखी बदलतो. म्हणून बीमचा सेक्शन (आकार-जाडी) आणि पाया स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या. फॅब्रिकेटरचा ‘होऊन जाईल साहेब’ इथे चालत नाही.

बोर्ड थेट खांबाला लावू नका. आधी दोन आडवे सी-चॅनल (इंग्रजी C आकाराच्या लोखंडी पट्ट्या) बीमच्या फ्लँजला, म्हणजे I च्या रुंद सपाट कडेला, क्लॅम्पने आवळा, त्यांवर बोर्ड. जागेवर वेल्डिंग केलं की गॅल्व्हनाइझिंग (गंज रोखणारा जस्ताचा थर) जळतं आणि दोन पावसाळ्यांत गंज दिसू लागतो. नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेले) घ्या, साधे थरथरीने सैल होतात.

केबल बोर्डात खालूनच आत घ्या, आत शिरण्याआधी तिला थोडा झोळ ठेवा, पाणी तिथूनच ठिबकून जातं. खांबांना अर्थिंग हवंच.